सडपातळ आणि पोटाळ

तोंडी परीक्षेच्या खोलीबाहेर दोघी बहिणी माझ्या शेजारी बसल्या होत्या.

“ताई, काल मी मासे चिरून पाहिले.”

“प्रबंध देऊन झाल्यावर? आणि पाय हलवणं थांबव आधी.”

“लांबीच्या मानाने ज्यांची पाठीपासून पोटापर्यंतची उंची जास्त भरली, त्यांना मी नवी जात म्हटलंय ना?”

“बरं, मग?”

“त्या सगळ्यांच्या पोटात अंडी निघाली.”

“आणि सडपातळ होते ते?”

“सगळे नर.”

“अगं, म्हणजे नवराबायकोच्या तू दोन जाती केल्यास!”

“हसू नकोस. सरांनी त्या जातीला स्वतःच्या आईचं नाव दिलंय.”

“मग गप्प बस. पदवी हातात पडू दे.”

दार उघडलं. धाकटीला आत बोलावलं.

“अगं, ती बरणी कुठे घेऊन चाललीस?”

“आधी मासे दाखवते. मग विचारू देत काय विचारायचं ते.”