मागच्या चाकाचा टायर

स्कूटरचं पंक्चर निघेपर्यंत स्नेहल टायरच्या दुकानातल्या बाकावर बसली होती. शेजारी साठीतल्या एक बाई होत्या. त्यांचे यजमान आपल्या साडेसहाशे सीसीच्या जड मोटारसायकलसाठी दुकानदार खिजरभाईंकडे टायर बघत होते.

"मामा, ह्यो कडक रबराचा, लई दिवस चालंल. त्यो मऊ, ओल्या रस्त्याला धरून चालतोय, पण लवकर झिजतोय."

"कडकच घाला."

"मागं कोण बसतंय?"

"कोण न्हाय. तीन वर्सामागं गगनबावड्याच्या घाटात घसरलो. तवापासनं ही गाडीवर बसत न्हाय."

"मऊ घाला हो, भाऊ," बाई बाकावरून म्हणाल्या.

"अगं, झिजतोय त्यो."

"झिजू दे. घाटात धरून चालला म्हंजे झालं."

"घाटात मी एकटाच की."

"एकटं कशाला? माहेरला एस्टीनं जाऊन कंटाळले मी."

स्कूटर तयार झाल्याची हाक आली, तरी स्नेहल जागची हलली नाही.

"खरंच बसशील? भ्या न्हाय वाटायचं?"

"वाटंल की. धरून बसीन तुमास्नी."

"मग रविवारी जाऊ. आता टायर बसवायला येळ लागंल, तू हो फुडं. रिक्षा थांबलीया न्हवं बाहेर?"

"तिला मगाशीच परत लावून दिली."