डावी बॅग

पंक्चर निघेपर्यंत शाळेच्या बाई गॅरेजच्या बाकावर टेकल्या होत्या. शेजारी एका धिप्पाड क्रूझर मोटरसायकलला लांबच्या प्रवासासाठी सामानाच्या बॅगा बसत होत्या. मालक पिकल्या केसांचे, मेकॅनिक तरुण.

“काका, दोन्हीकडे सारखं वजन भरा. नाहीतर गाडी ओढेल.”

“मी डावीकडे जास्त भरणार.”

“अहो, जिवाशी खेळ कशाला?”

“मी एकटा असलो की ती उजवीकडे पळते.”

“मग चेसिस तपासतो.”

“चेसिस ठणठणीत आहे रे. मीच उजवीकडे कलून बसतो.”

“ही कसली सवय?”

“एकतीस वर्षांची. बायको मागे दोन्ही पाय डावीकडे सोडून बसायची. तोल मलाच सांभाळावा लागे. शंभरदा सांगितलं, नीट बस. ऐकेल तर शपथ!”

“मग काकूंसाठी मागे टेकायला पाठ बसवून देऊ? नीट बसतील.”

“नको. आता मागे फक्त बॅगा.”

पान्याचा आवाज थांबला.

“बाई, तुमचं पंक्चर निघालं,” कुणीतरी सांगितलं. बाई उठल्या नाहीत.

“डावीकडे बारा किलो, उजवीकडे आठ. त्याच्यावर एक किलोही चालणार नाही, काका.”

“बाराच किलो! ऐकून खूश झाली असती.”