न्यायाधीश न होण्याची सोय

स्कॉटलंडमधल्या उल्लापूलच्या धक्क्यावर स्टोर्नोवे बेटाकडे जाणारी बोट यायची होती. माझ्या पुढच्या बाकावर मायलेकी थर्मासमधला चहा पीत बसल्या होत्या.

"आई, न्यायाधीश निवडणाऱ्या मंडळावर मला घेतलं."

"तुला? सॉलिसिटरला?"

"त्यांना सॉलिसिटरच हवी होती. अर्ज कर म्हणून मागे लागले होते."

"म्हणजे पुढे तूच न्यायाधीश! बाबांची केवढी इच्छा होती."

"नाही ना. मंडळावर असेपर्यंत स्वतःला न्यायाधीश होता येत नाही."

"इशबेल, मुद्दाम केलंस?"

"हो. माणसांना तुरुंगात धाडणं मला नाही जमायचं. रागावलीस?"

"रागावते कसली! मीच धसका घेऊन बसले होते. शेजारणीच्या पोराला तू आत टाकलंस, तर चर्चमध्ये माझ्याशेजारी बसेल का कुणी?"

"मग दर नाताळला 'न्यायाधीश कधी होणार' म्हणून का विचारायचीस?"

"तुला वाटायला नको, आईला आपला भरवसा नाही."

"कमाल आहे तुझी!"

"हस, हस. पण मुलाखती घेशील ना, तेव्हा एक प्रश्न आठवणीने विचार."

"कोणता?"

"तुमच्या आईची हरकत नाही ना?"