वाट इचारणारी पलटण

ऐका रं. जवळ सरका. आन् शेकोटीत उगं काड्या खुपसू नका, धूर माझ्याच डोळ्यात येतो. मधी कुणी खिदळलं तर मी उठून घरला जाईन, आधीच सांगून ठेवतो.

माझा आजा, लुमाजी, तवा इशीतला गडी. भादव्याचे दिवस. दिस मावळता मावळता आजीला, हौसाबाईला, कळा सुरू झाल्या. पयलंच बाळंतपण, आन् पोर आडवं! वाडीतल्या बायांनी हात टेकले. म्हनल्या, "लुमा, बुगाबाईला आण. तीच सोडवील. नायतर दोघंबी जात्यात."

बुगाबाई सुईण राहायची डोंगराच्या पल्याड, करवंदवाडीला. वाट एकच, काळदरीतली. आज्यानं घोंगडी घेतली, चूड पेटवली आन् निघाला. त्याची आई दारापत्तुर आली. म्हनली, "दरीत कुणी कपारीची वाट इचारली, तर तोंड उघडू नको. बोट तर दाखवूच नको."

आता तुम्ही म्हनाल, असं का? परक्याला वाट दावायची, शिवेपत्तुर सोबत करायची, ही तर आपल्या कोळ्यांची रीत. मंग दरीतच का नाय?

सांगतो की, दम धरा. ही आज्याच्याबी आधीची गोष्ट. गोऱ्या सायबाचं राज नवं नवं आलेलं. गडावरचा पहारा आपल्या लोकांकडं व्हता, तो सायबानं काढून घेतला. वर शेतसारा वाढवला. खायचं काय, दगड? लोकांनी बंड केलं! तीरकामठे, कोयते घेतले आन् डोंगरात शिरले. सायबानं मागं वाड्या जाळल्या, तशी बायका-पोरंबी त्यांच्या मागं गेली. काळदरीच्या वर कपार हाये, तिथं समदी दडली. पलटण आली. खालच्या वाड्यांत एकेकाला धरून इचारलं, वाट कुठं? झोडपलं. झाडाला उलटं टांगलं. पर एकानं, अरं एकानंबी सांगितलं नाय! मंग पलटण आपल्या मनानंच धुक्यात चढाया लागली आन् कड्यावरून खाली गेली. समदीच्या समदी. मेली, तरी इचारायची थांबली नाय.

आन् कपारीतली? ती कधी खाली उतरलीच नाय. भुकेनं गेली म्हंत्यात.

तर आजा दरीत शिरला. धुकं एवढं, का हातातली चूड दिसंना. आन् मागून आवाज. खट्. खट्. खट्. बूट! आपल्या डोंगरात तवा बूट कोण घालत व्हतं?

एक शिपाई पुढं आला. लाल डगला, पाणी निथळतंय. तोंडाच्या जागी नुसतं धुकं. लई गोड बोलला, "पाव्हणं, कपारीची वाट कुठली?"

आजा गप. पर हात! सवयीचा हात, तो उचलला गेलाच! आज्यानं तो तसाच घोंगडीत कोंबला आन् पळत सुटला.

पुढं वाटंवर एक म्हातारा रडत बसलेला. "लेकरा, माझी लेक वर कपारीत हाये. दोन भाकरी घिऊन चाललोय. वाट दाव रं." आज्याचं काळीज हाललं. तोंड उघडणार, तेवढ्यात खाली नजर गेली. धोतराखाली बूट! आजा तिथनंबी पळाला.

आन् मंग हौसाबाईचाच आवाज आला, अगदी कानाशी. "अवं, जीव चाललाय माझा. सांगून टाका ना त्यांना." काय सांगू पोरांनो, आजा ढसाढसा रडला. पर बोलला नाय.

मंग समदं शांत झालं. इचारणं थांबलं. आजा चालला, तशी बुटंबी चालली. आजा थांबला, ती थांबली. धुक्यातनं कुणीतरी हसलं. "चाल की. तू चाल, आमी येतो मागनं."

करवंदवाडीची वाट त्या कपारीच्या तोंडावरनंच जाती! पुढं गेला, तर त्यानंच पलटण वर नेली. माघारी फिरला, तर बायको मरती. सांगा, काय करील माणूस?

आज्यानं चूड चिखलात इझवली आन् तिथंच फतकल मारली. म्हनला, "हौसे, माफ कर मला." रातभर बसला. पलटण भवती घिरट्या घालत व्हती. बूट मांडीला लागत व्हते. लाथा बसल्या, शिव्या बसल्या. पर गडी हालला नाय.

उजाडलं, धुकं फाटलं, तर दरीत कुणीच नाय. आज्याला वाटलं, आता सुईण आणून काय करायची? घराकडं पळाला. अंगणात आला आन् आतनं पोर रडल्याचा आवाज! ते पोर म्हंजे माझा बाप. हौसाबाई थकून पडलेली, पर जित्ती. आन् चुलीम्होरं बसलेली कोण? बुगाबाई!

ती उलट आज्यालाच ओरडली. "कुठं उलथला व्हतास रं? तुझा माणूस मध्यानरातीला मला न्यायला आला."

"कोण माणूस?"

"मला काय ठाव? उंच गडी, खांद्याला कामठा. बोलला नाय, नुसता पुढं चालला, नेहमीची वाट सोडून कडेकडेनं. आन् काळदरीत काय माणसं रं! बायका, पोरं, म्हाताऱ्या, दोन्ही अंगाला चुडी घिऊन उभ्या. मला वाटलं, जत्रा हाये का काय. एका पोरीनं तर दगडावरनं उतरताना माझा हात धरला. लई गार हात व्हता तिचा."

डोंगराकडं तोंड करून आजा अंगणात आडवा पडला. पलटण रातभर त्याच्याभवती अडकली व्हती ना! तेवढ्यात कपारीतली समदी खाली उतरली. जिवंतपणी भुकेनं मेली पर उतरली नाय. आन् आपल्या एका बाळंतिणीसाठी उतरली!

म्हनून सांगतो. दिस कलला का काळदरीची वाट धरायची नाय. कितीबी नड असू द्या, लांबनं वळसा घाला. तुमच्या जिवाचं मला भ्या नाय, तुम्ही टगे, कसेबी निसटाल. पर तुमच्या मागनं पलटण वर गेली, तर इतक्या वर्सांनी कपारीतली ती लेकरं तिला सापडत्याल.