लाउंजची नोंदवही आणि सातचा पाढा

समारंभाचे अध्यक्ष, आपले जनरल मॅनेजर साहेब. व्यासपीठावरचे सर्व विभागप्रमुख. आज ज्यांच्या निवृत्तीनिमित्त आपण जमलो त्या लाउंजच्या ताई, त्यांचे यजमान आणि कन्या. आणि किचनपासून लाँड्रीपर्यंत हातातलं काम टाकून आलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

ताईंबद्दल चार शब्द बोलायला मलाच का सांगितलं, हे जुन्या मंडळींना ठाऊक आहे. ती गालात हसताहेत, मला इथून दिसतंय. नव्यांसाठी सांगतो. अकरा वर्षांपूर्वी ताईंची नोकरी घालवायला मीच निघालो होतो.

तेव्हा मी ड्यूटी मॅनेजर होतो आणि अंगात नवा कोट होता. आपल्या हॉटेलच्या नवव्या मजल्यावरच्या बिझनेस लाउंजचा नियम होता, प्रवेश फक्त कामानिमित्त. दाराशी ताई आणि त्यांची नोंदवही, त्यात त्या लिहीत नाव, खोली, वेळ आणि कामाचं स्वरूप. लहान मुलांना कसलं आलंय काम? म्हणून मुलांना मज्जाव, असा अर्थ मीच लावला होता.

एके सकाळी एक बाई सात वर्षांच्या लेकीला घेऊन आल्या. खोली दुपारी मिळणार होती आणि त्यांची व्हिडिओ मीटिंग दहाला. मुलीला लॉबीत एकटी सोडणार कशी? ताईंनी दोघींना आत घेतलं. तासाभरात कोचावरच्या एका बड्या पाहुण्याची तक्रार आली, की हे लाउंज आहे की बालवाडी. मी लगेच मेमो काढला. पुढचं पत्र घरी बसायचं असेल, हेही तोंडावर सुनावलं. ताईंचे यजमान तेव्हा आजारी होते आणि घर एकट्या ताईंवर होतं. मला ते माहीत होतं. आज सांगताना लाज वाटते.

साहेबांच्या केबिनमध्ये चौकशी झाली. ताई खुलासा लिहून आणतील असं मला वाटलं होतं. त्यांनी नोंदवही आणली. साहेब वाचू लागले. ‘पाहुणी, वय सात. काम: सातचा पाढा पाठ करणे, मनातल्या मनात.’ त्याखाली तक्रारदार. ‘काम: फोनवर मोठ्याने बोलणे, दहा ते अकरा. नंतर झोप, घोरण्यासह.’ आणि त्याखाली, मंडळी, मी! ‘ड्यूटी मॅनेजर. काम: कॉफी, तीन कप.’

साहेबांनी चष्मा काढला आणि विचारलं, “मग त्या दिवशी लाउंजमध्ये काम कोण करत होतं?”

ताई म्हणाल्या, “साहेब, त्या दोघी मायलेकीच.”

साहेबांनी मेमो माझ्याच हातात परत दिला. वर त्याच आठवड्यात खिडकीजवळ एक बुटकं टेबल आणि दोन छोट्या खुर्च्या आल्या, त्याही माझ्या सहीने. मुलं गोंगाट करत नाहीत का? करतात की. पण ताईंचा कायदा सगळ्यांना एकच. आवाज चढला की वय सात असो की सत्तर, ताई स्वतः दार उघडून धरत. गेल्या अकरा वर्षांत त्या दारातून मुलं कमी आणि कोटवालेच जास्त बाहेर गेले. आज आपल्या साखळीतल्या प्रत्येक हॉटेलात तसं टेबल आहे. ताई, जिंकलात तुम्ही, आणि मला हरवून जिंकलात याचा मला अभिमान वाटतो.

एक गोष्ट राहिली. कर्मचाऱ्यांनी लाउंजमध्ये बसायचं नाही, हाही नियम. चोवीस वर्षं ताई तिथे उभ्याच राहिल्या. म्हणून आज नोंदवही मी घेऊन आलोय. आजची नोंद माझ्या हातची आहे, वाचतो. ‘पाहुण्या: लाउंजच्या ताई. काम: काहीही नाही. वेळ: वाटेल तितका.’ नियमात हे अजिबात बसत नाही, आणि खाली साहेबांची सही आहे.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलताना कुठे तोल गेला असेल तर लहान समजून पोटात घाला.

ताई, चला वर. खिडकीजवळची खुर्ची राखून ठेवलीय. आज कॉफी मी आणणार.