या रविवारी सूनबाई लावणार

"पोरगी गुणाची आहे हो, पण तिला कानच नाहीत," असं माझ्या सासूबाई म्हणाल्या, आणि हे मी ह्याच दोन कानांनी ऐकलं, तुम्हाला सांगते, दाराआड, हातात ओल्या टॉवेलांची बादली, पुढे जावं तर ऐकलेलं कळणार आणि मागे जावं तर बादली वाजणार! त्यावर सासरे म्हणाले, "कान आहेत गं, मत नाही. काहीही ऐकवा, छानच म्हणते. भिंतीला ऐकवल्यासारखं वाटतं." बरं, ते त्यांचं झालं. पण समोर माझा नवरा बसलेला, तो काय म्हणाला असेल? "येईल हळूहळू." काय येईल? कान? अक्कलदाढ आहे का ती, हळूहळू यायला?

आता तुम्ही म्हणाल, कसलं मत? तर ऐका. ह्या घरात रविवारी संध्याकाळी सगळ्यांनी मिळून एक अल्बम ऐकायचा असतो. अख्खा! मधलं गाणं गाळायचं नाही, उठायचं नाही, बोलायचं नाही, दिवा मंद केला की डोळे मिटायचे ते संपल्यावरच उघडायचे. ज्याची पाळी त्याने लावायचा. आणि संपला की सगळे वळतात नव्या सुनेकडे, भाजीत मीठ बरोबर पडलंय का ते विचारावं तसे... "कसं वाटलं?"

पहिल्यांदा होता बाबांचा, म्हणजे सासऱ्यांचा, जॅझ. एक माणूस सॅक्सोफोन वाजवतो, म्हणजे वाजवायला निघतो, दारापर्यंत येतो, आणि किल्ली विसरल्यासारखा परत आत जातो! मागे ड्रमवाला ब्रशने खसखस, खसखस, घासतोय घासतोय पण कढई काही निघेना. बाबांचं एक बोट वर. म्हणजे, आता येतोय बघ, आता... नाही आला. बोट तसंच वर. संपल्यावर म्हणाले, "कसं वाटलं?" आणि मी काय म्हणाले? छान.

मग आईंची, म्हणजे सासूबाईंची, विरहगीतं. गाणारी बाई आठही गाण्यांत एकाच माणसाला परत बोलावते, आणि तो का येत नाही हे मला दुसऱ्या गाण्यातच समजलं. पण आईंचा पदर ओला! "कसं वाटलं गं?" सांगा, रडणाऱ्या बाईला काय सांगणार? छान!

मग भाऊजींचं मेटल. आता मी दिवसभर उभी असते दातांच्या दवाखान्यात. डॉक्टरीणबाई ड्रिल चालवतात, मी लाळ ओढायची नळी धरते. तर भाऊजींनी अल्बम लावला आणि माझा हात आपोआप नळी शोधायला लागला! तोच आवाज हो, तोच! फरक एवढाच की आमच्याकडे आधी भूल देतात. "वहिनी, कसं?" छान.

आणि नवऱ्याचा? एक सूर. लागला. लागलेलाच. मला वाटलं, काहीतरी बिघडलंय, कोणीतरी बघून या. संपल्यावर हा जवळ सरकून विचारतो, "त्यातली शांतता ऐकलीस?" मला विचारायचं होतं, अरे, तू माझ्याशी कधी बोलणार आहेस? पण सगळे बघत होते. छान, म्हटलं. फार छान.

तर बादलीच्या दुसऱ्या दिवशी बाबांनी जेवताना जाहीर केलं, "या रविवारी सूनबाई लावणार! तिच्या आवडीचं. कळू दे आम्हाला, आमच्या घरात आलंय तरी कोण." आता झाली का पंचाईत! कारण मलाच कुठे माहीत होतं, कोण आलंय? आमच्या घरी गाणं नव्हतंच! माझी आई इस्पितळात रात्रपाळीची नर्स, दिवसा झोपायची, आम्ही भावंडं भांडायचोसुद्धा कुजबुजत. मी आईला फोन करून विचारलं, "आई, मला लहानपणी काय आवडायचं गं?" तर ती कुजबुजत, सवयच ती, म्हणाली, "तू ना? तू कधी त्रास दिला नाहीस."

झालं! म्हणजे ही माझी आवड!

मग काय, आठवडाभर मिळेल ते ऐकलं, बुडणारा माणूस हातपाय मारतो तसं. डॉक्टरीणबाईंनी त्यांचा पियानो दिला, पेशंट शांत व्हावा म्हणून त्या लावतात तो. फार मऊ, फार गोड, पण मला प्रत्येक सुरामागे एक आ वासलेलं तोंड दिसतं त्याला काय करू? रिसेप्शनवरच्या मुलीने नाचाचा अल्बम दिला. तो मात्र अंगात शिरला! एका कानात तो वाजतोय, आणि पुढ्यात खुर्चीत बसलेले आजोबा विचारतायत, "दुखेल का हो फार?" माझी मान तालात, हो, हो, हो, हो! आजोबा उठून घरी गेले. मग ऑपेरा ऐकला. त्यात एका बाईला मरायला अर्धा अल्बम लागतो, आणि मरतानाही तिचा दम माझ्या जिन्यावरच्या दमापेक्षा जास्त. शेवटी कुठल्यातरी डोंगरातल्या मेंढपाळांची गाणी मिळाली, भाषेचा गंध नाही, आणि गाता गाता एक म्हातारी मध्येच खोकली, आणि तो खोकला त्यांनी काढला नाही, तसाच ठेवला! मला तो खोकला आवडला. पण तुम्हीच सांगा, सासरच्यांना खोकला ऐकवायचा?

उजाडला रविवार. संध्याकाळी मी प्लेअरपुढे उभी, सगळ्यांकडे पाठ. जॅझ लावला तर बाबांची चमची. विरहगीतं लावली तर सासूबाई म्हणणार, सुखात नाही का पोरगी? नाच लावला तर उथळ, ऑपेरा लावला तर शिष्ट, आणि खोकला लावला तर डॉक्टरलाच बोलावतील! बोट बटणावर. भाऊजींनी दिवा मंद केला. मी आपली अजून ठरवतेय, ठरवतेय... आणि मागे एवढं सामसूम का, म्हणून वळून बघते तर काय! चौघांचे डोळे मिटलेले. बाबांचं बोट वर.

अहो, त्यांना वाटलं सुरू झालं!

आता काय करू? बोलावं तर बोलायचं नसतं. लावावं तर म्हणतील, दुसरं गाणं आलं. जाऊन बसले आपली नवऱ्याशेजारी. नळ ठिबकत होता. वरच्या मजल्यावर कपड्यांचं मशीन घरघरत होतं. तिथेच कोणीतरी खुर्ची सरकवली. नवऱ्याचा श्वास ऐकू येत होता, मला माहीतच नव्हतं तो नाकातून बारीक शीळ घालतो ते. आईंच्या डोळ्यांतून पाणी. भाऊजींची मान डोलतेय... कशावर, देव जाणे! आणि माझे खांदे, लग्नापासून कानांपर्यंत चढलेले, ते हळूच खाली आले.

मग मशीन थांबलं. बाबांनी डोळे उघडले. "वा! काय संयम आहे या माणसांचा!"

"मला तर मध्ये भरूनच आलं गं," आई म्हणाल्या. "किती सोसलं असेल त्यांनी."

"वहिनी, बेस काय जबरदस्त होता!"

आणि नवरा? छाती फुगवून, "मी म्हटलं नव्हतं, येईल हळूहळू?"

बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "शोभतेस बाई या घराला. कोण आहेत हे कलाकार?"

तुम्हाला सांगते, नुसतं हसून गप्प बसले असते ना, तर जन्मभराचे कान मिळाले असते मला! मानाचे! चौघं वाट बघत होते. गप्प बसायची मला सवयही दांडगी. पण तोंड उघडलं ते उघडलंच.

"बाबा, मी काही लावलंच नव्हतं," मी म्हणाले. "पण या घरात आल्यापासून मनापासून आवडलेलं हे पहिलंच. पुन्हा लावू?"