डाव्या बाजूचा पोचा

नोरीन : ठोकून काय बघतोयस, डेलमर? कलिंगड आहे का ते?

डेलमर : कलिंगडापेक्षा बरं वाजतंय. फायबरच आहे.

नोरीन : ते मलाही कळतं. म्हणायला बत्तीस सालची फोर्ड, लोखंडाचा पत्ता नाही. माझा हॉइट मेला आणि हे धूड माझ्या गळ्यात टाकून गेला. बॉडी कुणी बनवली तेवढं सांग. उजवं दार नाही, आणि दुसऱ्या साच्यातलं बसणार नाही म्हणतोस.

डेलमर : दुसऱ्याची कवळी तोंडात घालून बघ एकदा.

नोरीन : शी! हे बघ, दार नाही मिळालं तर माझा भाचा रविवारी ही उचलून नेतोय. त्याच्या टाको विकायच्या गाड्यापुढे ठेवून आत बर्फ भरणार, बियर गार करायला.

डेलमर : हॉइटच्या गाडीत बियर? त्याला आवडलं असतं.

नोरीन : मला नाही आवडणार. लग्नाआधी त्याच्याकडे खरी होती, लोखंडी. जुळ्या झाल्या तेव्हा विकली. म्हणाला, परत बनवीन आणि तुला समुद्रावर नेईन. बेकर्सफील्डहून समुद्र काय चंद्रावर आहे? पण जन्म गेला. मला एकदा तरी स्टिअरिंगच्या उजवीकडे, माझ्या बाजूला बसून जायचंय, आणि नेमकं माझ्याच बाजूला दार नाही.

डेलमर : कुणाकडून घेतली म्हणायचा?

नोरीन : फ्रेस्नोच्या एका माणसाकडून. नाव विचारलं की खोकला यायचा.

डेलमर : फ्रेस्नोवाला आतून प्लायवुड ठोकतो. ते इथं नाही. लॉस एंजेलिसवाल्यांचं काम आतून आरशासारखं असतं, हे तर लापशी सांडल्यासारखं. घरगुती आहे, बाई. चल, जरा फिरवू. ही डावी बाजू भिंतीकडे का?

नोरीन : तो हलवूच द्यायचा नाही.

(दोघं ढकलून बॉडी उजेडाकडे वळवतात.)

डेलमर : अरे देवा! केवढा गाढव!

नोरीन : कोण?

डेलमर : ज्यानं बनवली तो. हा पोचा बघ.

नोरीन : आपटली असेल कुठं.

डेलमर : फायबरला पोचा पडत नाही, ते तडकतं. हा साच्यातनं आलाय. ज्या लोखंडी गाडीवरनं साचा काढला, तिला हा होता. लोक आधी पोचा भरतात, मग साचा काढतात. या येड्यानं भरला तर नाहीच, उलट जपलाय. कडा बघ किती स्वच्छ. मागच्या चाकाच्या पुढं, खाली. घोड्यानं लाथ मारावी तसा.

नोरीन : घोड्यानं नाही.

डेलमर : मग?

नोरीन : मी. लाल बूट होते माझे. नाचायला न्यायला येणार होता, उगवला नाच संपल्यावर. वर कार्ब्युरेटरचं रडगाणं.

डेलमर : जुनं पोलाद होतं ते, नोरीन! पाय होता की रेल्वे?

नोरीन : नंतर ठोकून घे म्हटलं, तर हात लावू देईना. राहू दे म्हणाला, कुणाशी गाठ आहे ते लक्षात राहील.

डेलमर : म्हणजे विकायच्या आधी त्यानंच साचा काढून ठेवला. फ्रेस्नोचा माणूस तुझ्याच पलंगावर घोरत होता.

नोरीन : शेडमधून रसायनाचा वास यायचा तर म्हणे शेजाऱ्याची बोट दुरुस्त करतोय. बोट! या वाळवंटात! आणि मी विश्वास ठेवला.

डेलमर : पण साचा कुठाय? होडी उलटी घातल्यासारखा दिसणार. लपायची वस्तू नाही ती... काय गं, अशी काय बघतेस?

नोरीन : खुराड्याचं छप्पर.

डेलमर : काय?

नोरीन : थेंब गळत नाही म्हणून मीच कौतुक करायची त्याचं. आणि शेळ्यांना पाणी ठेवते ती दोन पसरट भांडी...

डेलमर : दारांचे साचे! शेळ्या पितायत त्यातनं!

नोरीन : घासून देते. होईल ना दार?

डेलमर : बसेल असं करतो. आणि रंगाआधी हा पोचाही भरून...

नोरीन : भरून तर बघ.

डेलमर : बरं बाई, नाही भरत. पण भाच्याला कळव, नाहीतर येईल बर्फ घेऊन. अगं, हे काय? पाय कशाला उचलतेस? पडशील या वयात!

नोरीन : मग खांदा दे. अस्सं... बघ, डेलमर. टाच अजून बसते.